संगणक वाद्याला ओळखीत नाही तेव्हा

आमच्या शहरात एप्रिल हा गाण्याचा महिना आहे. चौदा तारखेच्या आधीपासून ते पुढे मे महिना उलटेपर्यंत चौकाचौकांतून आणि वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे कार्यक्रम चालतात. ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय काढले आणि नागसेनवनाचा परिसर उभा केला, तेथे हे व्हावे यात नवल नाही. पूर्वी अशा कार्यक्रमाला पेटी, ढोलकी आणि झांज एवढा संच पुरत असे. पुढे पेटीच्या जागी कीबोर्ड आला, आणि आता त्या कीबोर्डाशेजारी लॅपटॉपही येऊन बसला आहे. हे वाजविणारे तरुण पुष्कळदा दिवसा वाळूजला किंवा चिकलठाण्याला यंत्रावर उभे असतात आणि रात्री व्यासपीठावर. महिन्याच्या पगाराला या दिवसांतील सुपाऱ्यांचा मोठा आधार असतो.

अशा वेळी एक अडचण वारंवार उद्भवते. कीबोर्ड संगणकाला जोडला जातो, त्याचा दिवा लागतो, पट्ट्या दाबल्या जातात, पण सूर निघत नाही. संगणकाच्या पडद्यावर वाद्याचे नावच येत नाही. पुढे मंडळी बसलेली, गायक उभा आणि वाजविणाऱ्याच्या कपाळाला घाम. दुसऱ्या दिवशी तो वाद्य घेऊन बाजारात जातो. तेथे कोणी तरी त्याला "बोर्ड गेला" एवढे दोन शब्द सांगतो आणि तो हप्त्यावर नवे वाद्य घेऊन परत येतो. पुष्कळदा जुन्या वाद्यात काहीच बिघडलेले नसते. एका केबलीच्या अज्ञानापोटी एका कुटुंबावर वर्षभराचे कर्ज चढते. म्हणून हा विषय क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही संगीतज्ञ नव्हे आणि अभियंतेही नव्हे. परंतु "मान्यता मिळत नाही" या तक्रारीशी आमचा संबंध जुना आहे. १९७१ साली महाराष्ट्रात कामगार संघटनांना मान्यता देण्याविषयीचा कायदा झाला. त्यामुळे एक गोष्ट आमच्या पिढीच्या अंगवळणी पडली: संघटना अस्तित्वात असणे वेगळे आणि तिला मान्यता मिळणे वेगळे. दारावर फलक लागलेला असतो, सभासद असतात, पण मान्यता नसेल तर वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची मिळत नाही. कीबोर्डाचा दिवा हा तो फलक समजावा. दिवा लागला म्हणजे वाद्य जिवंत आहे एवढेच ठरते. संगणकाने त्याला मान्यता दिली असे ठरत नाही. मान्यता ही टप्प्याटप्प्याने मिळते, आणि अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकला हे शोधणे म्हणजेच हा बिघाड शोधणे होय.

प्रथम या दोघांमध्ये जाते काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की कीबोर्डातून तारेवाटे आवाज संगणकात जातो. बहुतेक ठिकाणी तसे नसते. तारेतून जाते ती आज्ञा. मध्य सप्तकातील पांढरी एक दाबली की "साठ क्रमांकाचा सूर सुरू करा, आणि तो इतक्या जोराने" अशा अर्थाचे तीन आकडे पुढे जातात. बोट उचलले की तो सूर थांबविण्याची दुसरी आज्ञा जाते. सुरांना शून्यापासून १२७ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. भातखंड्यांच्या पुस्तकातील स्वरलिपी जशी स्वतः गात नाही, गाणाराला सांगते, तशातलाच हा प्रकार आहे. गाणारा येथे संगणकातील प्रोग्राम असतो. सनई, सतार, व्हायोलिन हे सारे आवाज त्याच्याकडे असतात. या सांकेतिक भाषेला मिडी म्हणतात. पुष्कळशा लहान कीबोर्डांना स्वतःचा आवाज मुळीच नसतो. ते केवळ आज्ञा देतात. असा कीबोर्ड संगणकाने ओळखला नाही की तो मुका होतो.

ही भाषा कशी जन्मली ते ऐकण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीच्या वाद्याची बोली निराळी होती. एकाचे वाद्य दुसऱ्याच्या वाद्याशी बोलू शकत नसे. जपानातील रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ हे खरे पाहता व्यापारातील प्रतिस्पर्धी. त्यांनी पुढाकार घेऊन इतरांसह एक समान भाषा ठरविली, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील एका प्रदर्शनात दोन कंपन्यांची दोन वाद्ये एका तारेने जोडून दाखविली. एक वाजविले की दुसरेही वाजू लागले. ही भाषा वापरण्यासाठी त्यांनी कोणाकडे पैसा मागितला नाही. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० अंकचिन्हांचा होता. आजच्या मानाने तो गोगलगायीचा म्हणावा. पण एका सुराची आज्ञा त्यात साधारण एक सहस्रांश सेकंदात पोहोचते, आणि कानाला तेवढे पुरते.

तार मात्र पुढे बदलली. मिडीच्या मूळ तारेला पाच खिळ्यांचे गोल टोक असे. आज आपण जी वापरतो ती यूएसबी. १९९६ च्या जानेवारीत तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी अशा सात कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या होत्या. बडोद्याला शिकलेले अजय भट्ट हे इंटेलमधील त्याचे एक प्रमुख शिल्पकार. त्यापूर्वी संगणकाच्या पाठीमागे छपाईयंत्राला एक, उंदराला दुसरे, आणखी कशाला तिसरे अशी निरनिराळी भोके असत. त्या सर्वांच्या जागी एकच दार करावयाचे, हा हेतू. १९९९ साली याच दारातून मिडी कशी जावी याचेही नियम ठरले. जे वाद्य हे नियम पाळते त्याला संगणकात वेगळा प्रोग्राम घालावा लागत नाही. म्हणून विकत घेताना "हा क्लास कंप्लायंट आहे काय?" एवढा एकच प्रश्न दुकानात अवश्य विचारावा.

आता मान्यतेचे टप्पे. यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात. दोन तारांतून पाच व्होल्टचा वीजपुरवठा होतो आणि उरलेल्या दोन तारांतून माहिती जाते. वाद्य जोडले की त्यातील एक लहानसा रोधक माहितीच्या एका तारेवरचा दाब वर ओढतो. संगणकाच्या दृष्टीने दारावर थाप पडली ती ही. मग संगणक विचारतो: तू कोण? वाद्य आपल्या उत्पादकाचा क्रमांक आणि स्वतःचा क्रमांक सांगते. पुढचा प्रश्न: तू कोणत्या वर्गातले? संगणक जात विचारीत नाही, वर्ग विचारतो, हे आमच्यासारख्यांना विशेष आवडते. वाद्य म्हणते, ध्वनीच्या वर्गातले, त्यातही मिडीचे. तिसरा प्रश्न विजेचा: तुला लागते किती? एवढे झाले की संगणक त्या वर्गाला योग्य असा ड्रायव्हर, म्हणजे दुभाषा, त्याच्याशी जोडून देतो आणि वाद्याचे नाव यादीत येते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. बिघाड म्हणजे या संवादातला एखादा प्रश्न अनुत्तरित राहणे.

येथे कारखान्यातील मेंटेनन्सचा जुना नियम उपयोगी पडतो. लाइन थांबली की जाणता फिटर मोटर उघडीत बसत नाही. जे स्वस्त, जे सोपे, जे हाताशी, ते तो आधी तपासतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर दोष कोणत्या गोष्टीत होता हे कधीच कळत नाही.

म्हणून पहिली तपासणी केबलीची. वर सांगितलेल्या चार तारांपैकी केवळ विजेच्या दोनच तारा असलेल्या केबली बाजारात सर्रास मिळतात. त्या मोबाइल चार्ज करण्यापुरत्या असतात. अशी केबल लावली की दिवा लागतो, वाद्य जिवंत दिसते, पण माहितीचा रस्ताच नसल्यामुळे संगणकाला थाप ऐकूच येत नाही. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. परीक्षा सोपी आहे: त्याच केबलीने मोबाइल संगणकाला जोडावा आणि मोबाइलमधील छायाचित्रे संगणकावर उघडतात काय ते पाहावे. उघडली तर केबलीत माहितीच्या तारा शाबूत आहेत. कीबोर्डाला चौकोनी टोकाची केबल लागत असेल तर छपाईयंत्राची केबल तीच असते. ती शेजाऱ्याकडून घटकाभर मागून आणावी. केबल लांबीने पाच मीटरच्या आत असावी. व्यासपीठाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यावयाची म्हणून दोनतीन केबली एकमेकींना जोडणे हा संकटाला आमंत्रण देण्याचा प्रकार होय.

दुसरी तपासणी दाराची आणि विजेची. मोठ्या कीबोर्डांना पुष्कळदा दोन यूएसबी दारे असतात. ज्यावर "टू होस्ट" असे लिहिलेले असते ते संगणकासाठी. "टू डिव्हाइस" हे पेनड्राइव्हसाठी. ज्या वाद्याला स्वतःचा अडॅप्टर आहे त्याचे बटण चालू आहे काय हेही पाहावे. काही वाद्ये थोडा वेळ वाजविले नाही तर आपोआप बंद होतात. विजेचा हिशेबही समजून घ्यावा. संगणकाचे साधे यूएसबी दार ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देते. मध्ये हब लावला आणि त्या हबला स्वतःचा वीजपुरवठा नसेल, तर त्याच्या प्रत्येक दाराच्या वाट्याला नियमाप्रमाणे १०० मिलिअँपिअरच येतात. एका नळावर चार घरे जोडली की शेवटच्या घरी घागर भरत नाही, त्यातलेच हे. हब काढून वाद्य थेट संगणकाला लावावे. तरी जमत नसेल तर दुसऱ्या दारात लावून पाहावे.

तिसरी तपासणी निकाल देणारी आहे. खात्रीची केबल घेऊन तेच वाद्य दुसऱ्या संगणकाला लावावे. मित्राचा चालेल, वाचनालयातील चालेल. लहान वाद्य असेल तर ओटीजीचा जोड लावून मोबाइलही चालेल. दुसरीकडे वाद्य ओळखले गेले तर वाद्य आणि केबल दोन्ही निर्दोष; दोष पहिल्या संगणकात. कोठेच ओळखले गेले नाही तर संशय वाद्यावर. एका प्रयोगाने अर्धे क्षेत्र मोकळे होते. ज्याला दुकानात फसावयाचे नाही त्याने हा प्रयोग केल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

चौथी तपासणी संगणकाच्या आतली. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर नावाची यादी उघडून समोर ठेवावी आणि वाद्याची केबल काढावी, पुन्हा लावावी. यादी हलली, तर थाप ऐकू आली. यादी मुळीच हलली नाही, तर वरच्या तीन तपासण्यांकडे परत जावे. नाव आले, पण त्यावर पिवळे चिन्ह असेल किंवा "अननोन डिव्हाइस" असे लिहिलेले असेल, तर संवाद सुरू झाला पण मध्येच तुटला असे समजावे. अशा वेळी ती नोंद यादीतून काढून टाकावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि मग वाद्य लावावे. संगणक नव्याने विचारपूस करतो. काही वाद्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये "जेनेरिक" आणि "व्हेंडर" असे दोन पर्याय असतात. व्हेंडर म्हणजे कंपनीचाच दुभाषा हवा. तो संगणकात नसेल तर ओळख पटत नाही. तेथे जेनेरिक करून वाद्य बंद-चालू करावे. कंपनीचा ड्रायव्हर घ्यावयाचाच झाला तर तो कंपनीच्याच स्थळावरून आणि आपल्या विंडोजच्या आवृत्तीचा घ्यावा; "फुकट ड्रायव्हर" म्हणून जिकडेतिकडे जे वाटले जाते त्यातून रोगच घरात येतो. वीज वाचविण्यासाठी लॅपटॉप यूएसबीची दारे मधूनमधून झोपवितो, ती सोयही कार्यक्रमापुरती बंद ठेवावी. मॅक संगणकावर हीच विचारपूस ऑडिओ मिडी सेटअपमध्ये करता येते.

येथवर आल्यावर कोणी म्हणेल, नाव तर यादीत आले, तरीही सूर नाही. मग हा प्रश्न ओळखीचा राहिला नाही. मान्यता मिळाली, वाटाघाटी सुरू व्हावयाच्या आहेत. ज्या प्रोग्राममधून आवाज काढावयाचा त्याच्या सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून आपले वाद्य निवडलेले आहे काय ते पाहावे. वाद्य आधी जोडून मग प्रोग्राम उघडावा. काही प्रोग्राम उघडतानाच काय ती विचारपूस करतात. दुसरा एखादा प्रोग्राम तेच वाद्य अडवून बसला असेल तर तो बंद करावा. पुष्कळ विंडोज संगणकांवर एक वाद्य एका वेळी एकाच प्रोग्रामच्या स्वाधीन असते. पट्टी दाबल्यावर प्रोग्राममधील खुणेचा दिवा लुकलुकतो पण आवाज नाही, तर आज्ञा पोहोचते आहे; दोष पुढे आहे. आवाजाचे साधन निवडलेले नाही, अथवा आवाज भलत्याच स्पीकरकडे जात आहे, असे ओळखावे.

आणि खरोखरच वाद्यात दोष निघाला तर? तेव्हाही "बोर्ड गेला" या निर्णयाला एकदम मान डोलवू नये. कार्यक्रमात केबलीला कोणाचा तरी पाय अडकतो, हिसका बसतो, आणि वाद्याच्या पाठीमागची खोबण सैल होते किंवा तिचा डाग सुटतो. टोक थोडे हलविले की दिवा लागतो-विझतो, ही त्याची खूण. हे काम डाग देणाऱ्या चांगल्या कारागिराचे आहे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांत असे हात पुष्कळ सापडतात. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी एक माहितीस्थळ सुरू केले. वस्तू विकत घेणाराला ती दुरुस्त करवून घेण्याचा अधिकार असला पाहिजे, हे तत्त्व आता सरकारदरबारीही उच्चारले जाते, ही चांगली गोष्ट आहे. पण हक्क वापरावयाचा तर दोष कोठे आहे हे आधी आपल्याला सांगता आले पाहिजे. "चालत नाही" असे म्हणणारा गिऱ्हाईक आणि "खात्रीच्या केबलीने तीन संगणकांवर पाहिले, थाप ऐकू येत नाही, खोबण सैल आहे" असे म्हणणारा गिऱ्हाईक, या दोघांशी दुकानदार एकाच रीतीने बोलत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की पेटी बरी होती. ना तार, ना दिवा. पेटी बरी होती यात संशय नाही. तिचे झाकण उघडले की सुरांच्या पट्ट्या डोळ्यांना दिसतात आणि धूळ कोठे अडकली ते कळते. पण हीच पेटी एके काळी परकी ठरली होती. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली, आणि १९७१ पर्यंत तिला ते दार उघडले नाही. वाद्य परके राहते ते आपल्याला त्याचे अंतरंग कळत नाही तोवर. कीबोर्डाचे झाकण उघडून काही दिसत नाही हे खरे, म्हणूनच त्याचे टप्पे मनात मांडता आले पाहिजेत.

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. प्रत्येक संचाने दोन केबली बाळगाव्या, दोन्ही तपासलेल्या, आणि त्यांवर रंगीत फीत गुंडाळून ठेवावी, म्हणजे चार्जरच्या केबलीशी गल्लत होणार नाही. केबलीचा एक वळसा स्टँडला बांधावा, म्हणजे हिसका खोबणीला न बसता स्टँडला बसेल. कार्यक्रमाच्या दिवशी संगणकात काहीही नवे घालू नये. वाद्य ज्या दारात घरी चालले त्याच दारात व्यासपीठावर लावावे.

आमची आणखी एक सूचना आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत यंत्राला लॅपटॉप जोडून दोष शोधणारे शेकडो कामगार रोज हेच काम करीत असतात. त्यांपैकी एकाने वर्षातून एक संध्याकाळ आपल्या वस्तीतील वाचनालयात यावे आणि वाजविणाऱ्या मुलांना या चार तपासण्या हाताने करून दाखवाव्या. एक चांगली केबल आणि या तपासण्यांचा एक कागद वाचनालयाच्या कपाटात कायम राहावा. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. पुढची जयंती येण्यापूर्वी एवढे झाले तर दोनचार घरांवरचे हप्ते टळतील.